सालीचा काढा

कोरोनात मंजुळाबाईंनी नवऱ्याला दवाखान्यात नेऊ दिलं नाही. मोसंबीच्या सालीचा काढा पाजत बसल्या. पाचव्या दिवशी तातेराव गेले आणि म्हातारीचं अन्नावरचं मन उडालं.

परवा नात शिवकन्या पेपर वाचत होती. ती औषधांचं शिकलेली. "आजी, मोसंबीच्या सालीतल्या अर्कानं कोरोनाचा विषाणू मेला म्हणं."

"म्हंजी म्या तुझ्या आज्याला मारलं न्हाई?"

पुढच्या ओळीत होतं, प्रयोग फक्त काचेच्या बशीत झालाय, माणसावर नाही. शिवकन्येनं ती ओळ गिळली. "न्हाई आजी. तुझं बराबर होतं."

त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी शेजारची सपना तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन बाळापूरच्या दवाखान्याला निघाली. म्हातारीनं ओट्यावरून हाक मारली, "दवाखाना काहून गं? ये, काढा देते. माझ्या शिकलेल्या नातीनंच सांगितलंय, विचार तिला."

सपना थांबली.

"वैनी, तुमी दवाखान्यातच जा," शिवकन्या मान खाली घालून म्हणाली.

सपना गेली. म्हातारीनं नातीच्या खाली घातलेल्या मानेकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एक दिवस तरी सुखाचा गेला, बाई."