मधला बोळ

"समोर सगळी काच हवी, मेहेंदळे. जैसलमेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं पाहिजे, की हे आधुनिक हायस्कूल आहे." शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी नकाशावर बोट आपटलं. "आणि वर्गांमधला हा अरुंद बोळ काढा. जागा फुकट जाते."

त्या बोळासाठीच वास्तुविशारद मेहेंदळ्यांनी वर्षभर नकाशे खोडले होते. वाळवंटातल्या मुलांना सावली मिळावी, वारा मिळावा, एवढीच त्यांची धडपड. बोळ का हवा, ते चार पानांत लिहून त्यांनी खिशात ठेवलं होतं. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं, की त्यांच्या घशाला कोरड पडायची.

"बघतो," ते पुटपुटले.

मग सगळे जागा पाहायला निघाले. दुपारचे दोन वाजले होते. अध्यक्षांचा रुमाल घामानं भिजला. चिटणीस डोक्यावर फाइल धरून चालू लागले. गवंड्यांनी नमुन्यादाखल बोळाच्या दोन उंच भिंती बांधून ठेवल्या होत्या. त्यांच्यामध्ये मजूर बायका भाकरी खात बसल्या होत्या.

"आत या की, साहेब," एक म्हातारी सरकून म्हणाली. "उन्हात पापड होईल तुमचा!"

अध्यक्ष आत येऊन भिंतीला टेकले. वाऱ्याची झुळूक आली. त्यांनी डोळे मिटले. मग ते उघडून विचारलं, "हाच का तो बोळ?"

मेहेंदळ्यांनी मान हलवली.

"ती काच नको आता. हा बोळ फाटकापर्यंत आणता येईल?"

मेहेंदळ्यांचे ओठ हलले, शब्द फुटेना. म्हातारीनं पाण्याचा लोटा त्यांच्यापुढे धरला.