डोंगराचा चौथरा

"माझा डोंगर कुठाय?" संहितानं विचारलं, आणि यशवंतपूरच्या त्या संशोधन संस्थेच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली. अजून परत आलेली नाहीत म्हणतात.

आयुधपूजेची सकाळ. सिमेंट विभागात यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. घण, पहारी, थाप्या ओळीनं मांडून त्यांना कुंकू लावलं होतं. विभागप्रमुख विश्वेश्वर कोरं धोतर सावरत उदबत्ती पेटवत होते. शेजारच्या खनिज विभागातली संहिता दीड महिन्याच्या फिरतीवरून आजच परतली होती, आणि अंगणात ताडपत्रीखाली ठेवलेल्या तिच्या लाकडी पेट्या रिकाम्या होत्या.

"डोंगर?" विश्वेश्वर म्हणाले. "त्या गोल दांड्या म्हणतेस काय?"

"दांड्या नव्हेत अण्णा, नमुने! डोंगराला भोक पाडून काढलेले. वरपासून तळापर्यंत क्रमानं लावलेले."

"अगं, स्वल्प हळू. पूजेसाठी अंगण झाडायला काढलं. आमच्याकडे गोल दांडी म्हणजे कुठल्यातरी पुलातून काढलेलं, तपासून झालेलं काँक्रीट. ते भरडायचं आणि नव्या कामात खडी म्हणून घालायचं. वाया काही घालवत नाही आम्ही."

"हातात घेऊन बघितलंत तरी?"

"बघितलं की. एक यंत्रात दाबून पाहिली. फुटता फुटेना! तेव्हाच मला शंका आली."

"मग?"

"मग दुसरी दाबली."

त्या क्षणी संहिताच्या कपाळावर कुणी डोसा घातला असता तर कुरकुरीत निघाला असता.

"शुक्रवारी सुनावणी आहे, अण्णा. खाण कंपनी म्हणते, डोंगर दुर्मिळ खनिजांनी गच्च भरलाय, मोबाइलपासून मोटारीपर्यंत लागतात ती. पायथ्याचं गाव उठवा. मी म्हणते, वरचा हातभर थर सोडला तर आत नुसता दगड. नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, असं लिहून दिलंय मी. आता काय दाखवू? डोंगराला कुंपण पडलंय. पुन्हा भोक पाडू देणार नाहीत ते."

विश्वेश्वरांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच बोट दाखवलं. नव्या दाबयंत्राखाली गुळगुळीत, करडा, गुडघाभर उंच चौथरा होता.

"फोडून खडी काढून देऊ काय?"

"आणि त्यातली वरची कुठली, तळाची कुठली, ते कोण सांगणार? गणपती?"

विश्वेश्वरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग जवळ येऊन म्हणाले, "तसलाच दगड आणून पेट्या भरू. कुणाला कळतंय?"

संहितानं ओळीतला सगळ्यात मोठा घण उचलला.

"अगं अगं! आज आयुध उचलत नाहीत! पाप लागतं!"

"डोंगर भरडून तुम्हाला लागलं नाही, मला एका घणानं काय लागणार!"

घण चौथऱ्यावर बसला. झेंडू उधळले, नैवेद्याचे चिरमुरे छताला लागले, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीपर्यंत खिडक्या खडखडल्या. चौथऱ्याचा टवकासुद्धा उडाला नाही. तिनं पुन्हा घातला. हात खांद्यापर्यंत झिणझिणले. चौथरा ढिम्म.

विश्वेश्वर वाकले. घाव बसला तिथं त्यांनी बोट फिरवलं, नखानं खरवडून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. पण त्या भीतीमागून स्वतःच्या काँक्रीटचं कौतुक डोकावत होतं.

"संहिता," ते अगदी हळू म्हणाले, "आता जरा कोपऱ्यावर मार बरं."

संहितानं त्यांच्याकडे पाहिलं. मग घण दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. तिची नजर आता चौथऱ्यावर नव्हती, माळ घातलेल्या नव्या दाबयंत्रावर होती.