भाटाची वही
चार वर्षं घरच्यांची मनधरणी करून ऋतुजानं आवडत्या पोराशी एकदाचं लग्न ठरवलं. साखरपुड्यात काकांना मिरवायची हौस आली. त्यांनी वंशावळ सांगणारा भाटच मांडवात बसवला. “वाचा महाराज, आमच्या मूळपुरुषानं जंगल तोडून गाव कसं वसवलं, कळू द्या पाव्हण्यांना!” भाटानं वही उघडली. मूळपुरुष घोड्यावरून आला, वाघ मारला, विहीर खोदली. काका मिशीला पीळ देत होते. इकडं नवरदेव अंगठी घालायला लागला आणि भाट म्हणाला, “मूळपुरुषाचा सख्खा भाऊ भांडून प्रवरा नदीपल्याड गेला, तिथं त्यानं आडनाव बदललं.” पुढं त्यानं वाचलेलं आडनाव चक्क नवरदेवाचं! “आरं देवा, ही तर भावकी हाय!” नवरदेवाची आजी किंचाळली. “बहीणभाऊ लागत्यात पोरं!” काकांचा हात मिशीवरच राहिला. अंगठी ऋतुजाच्या बोटात निम्मीच गेली होती. तिनंच ती आत ढकलली.