दोनदाच दाबायचं

कॉइल गेली आहे, असं समोर राहणाऱ्या कुंदोनं आपल्या गच्चीवरून पुन्हा एकदा जाहीर केलं. त्याच्याकडे गाडी कधीच नव्हती, त्यामुळे त्याला सगळ्या गाड्यांमधलं कळायचं. एवारिस्तोनं वर न बघता हात हलवला. कॉइल त्यानं कालच तपासली होती.

हिरवी प्लिमथ दारात बॉनेट उघडून उभी होती. गाडी एवारिस्तोच्या बायकोच्या, नेरेइदाच्या वडिलांची. चालवायची तिनं आणि चालती ठेवायची यानं, असा या घरचा संसार. रोज सकाळी सिएनफ्वेगोस शहरातून पाल्मिरा गावाला माणसं भरून न्यायची, तिथली भरून आणायची, त्यावर चूल पेटायची. गेल्या महिन्यात गाडी लहरी झाली, आणि या आठवड्यात तर तिनं अंगच टाकलं.

इंजिनाला सुरू व्हायला ठिणगी लागते आणि पेट्रोल लागतं, तिसरं काही लागत नाही. ठिणगीच्या बाजूनं एवारिस्तोनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. प्लगची वायर लोखंडाजवळ धरली की चांगली निळी ठिणगी तडतडायची. पेट्रोलच्या बाजूनं कार्बोरेटर उकलून, धुऊन, फुंकून परत बसवला. तरी दर वेळी प्लग काढावेत तर पेट्रोलनं ओलेचिंब. इंजिनाला पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. कुठून होतंय ते मात्र दिसत नव्हतं.

नेरेइदा स्टिअरिंगवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. पाल्मिराची मंडळी आता घोडागाडीनं जायला लागली असतील, असं ती म्हणाली. घोड्याला एक बरं असतं, त्याला कार्बोरेटर नसतो. तिच्या असल्या बोलण्यावर तर माणसं दुसरी गाडी सोडून हिच्या गाडीत बसायची.

एरवी ती चावी फिरवेपर्यंत एवारिस्तो प्लगच्या वायरींशी वाकलेला असायचा. आज त्यानं एअर फिल्टर काढून ठेवला आणि टॉर्च पेटवून सरळ कार्बोरेटरच्या तोंडात बघत उभा राहिला. तयारी कर, पण मी सांगेपर्यंत चावी फिरवू नकोस, असं त्यानं तिला सांगितलं. तयारी म्हणजे थंड गाडीला पेट्रोलचं पेडल दोनदा दाबायचं. दोनदाच. जास्त दाबलं की इंजिन पेट्रोलनं बुडतं, हे लग्नानंतर तिनंच त्याला शिकवलं होतं.

"एक, दोन," नेरेइदा स्वतःशी म्हणाली.

आत पेट्रोलची बारीक धार दोनदा उडाली, हवी तशी. त्यानं वाकून थोडा वेळ पाहिलं. कुठून काही ठिबकत नव्हतं. कार्बोरेटर अगदी ठणठणीत होता.

"एक, दोन." पुन्हा दोन धारा उडाल्या.

थट्टा करतेय, असं त्याला वाटलं. त्यानं बॉनेटच्या कडेनं डोकावून पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती, कामाला निघालेल्या बाईचा चेहरा करून. तिचे ओठ हलले आणि आत परत दोन धारा उडाल्या.

"नेरे, किती वेळा दाबलंस?"

"दोनदा. चाळीस वर्षं दोनदाच दाबते. आता तू मला शिकव."

एवढं बोलून तिनं चावीला हात घातला, जरा थबकली, हात मागे घेतला आणि हळूच म्हणाली, "एक, दोन."

एवारिस्तोनं टॉर्च विझवला. परवा घेवड्यात दोनदा मीठ पडलं होतं, तो हसत खाऊन उठला होता. मागच्या पंधरवड्यात पाल्मिराच्या फाट्यावर गाडी थांबवून तिनं मागच्या बाईला विचारलं होतं, आता कुठं वळायचं गं? गाडीभर माणसं हसली होती. घरी येऊन त्या बाईनं ते त्यालाही सांगितलं, आणि तोही हसला होता. इतके दिवस तो गाडीच उकलत बसला होता.

प्लग पुसून तो स्वतः चावी फिरवायला बसला असता तर गाडी एका दमात सुरू झाली असती. आणि उद्या नेरेइदा माणसं भरून त्या फाट्याकडे निघाली असती. त्यानं डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, ज्यावाचून प्लगला ठिणगी पोचत नाही तो आतला छोटा रोटर उपसून खिशात टाकला आणि झाकण होतं तसं लावलं. जी गाडी आयुष्यभर चालती ठेवली, ती त्यानं आपल्याच हातानं बंद केली. त्याला रडू आलं, म्हणून तो बराच वेळ बॉनेटखाली वाकून राहिला.

"सापडलं का काही?" नेरेइदानं विचारलं.

"सापडलं. कार्बोरेटरच आहे." "आतला एक भाग गेलाय. तो आता कुठं मिळत नाही, नेरे."

मग कॉइलचं काय, असं कुंदोनं वरून विचारलं.

नेरेइदा उतरून पुढे आली. नवऱ्याच्या गालावरचं ग्रीस आणि पाणी तिनं आपल्या झग्याच्या टोकानं पुसलं.

"म्हाताऱ्या, आजवर या गाडीला कुठला भाग मिळाला होता? नाही मिळत तर तू बनवशील."

आणि ती परत जाऊन स्टिअरिंगवर बसली, त्याचं बनवून होईपर्यंत.