शब्दाचं पाणी

खुर्चीवर टेकते न टेकते तोच समोरच्या माणसाने फिद्दाला नाव विचारलं. मग वय. मग घर कुठे. पाणी विचारलं नाही, वाटेत त्रास झाला का विचारलं नाही. फिद्दाच्या मुलखात दारी आलेल्याला तीन दिवस नाव विचारत नाहीत, मग तो सात पिढ्यांचा वैरी का असेना. इंग्रजी शिकलं की माणूस एवढं विसरत असेल, असं मनाशी म्हणून तिने मुकाट्याने उत्तरं दिली. सहा महिने शेळ्यांच्या धारा काढताना भाचीने ती तिच्याकडून घोकून घेतली होती.

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा हा परीक्षक तिशीतला होता. छातीवरच्या पट्टीत आडनाव होतं, करकच्या नावाजलेल्या घराण्याचं. त्याच्या आज्याच्या तंबूत कॉफीचं भांडं कधी चुलीवरून उतरत नसे म्हणतात. नातू मात्र अरबीचा एक शब्द तोंडातून निघू देत नव्हता. नियमच तसा होता. टेबलावर रेकॉर्डर चालू होता आणि तो फिद्दाकडे कमी, त्या यंत्राकडेच जास्त बघत होता.

“तुमचा नवरा कुठे असतो?”

“कार्डिफ. बेकरी. सोळा वर्षं.”

“त्याला कशावर गप्पा मारायला आवडतं?”

उत्तर पाठ होतं. फुटबॉल. भाचीने सांगितलं होतं, काहीही विचारलं तरी फुटबॉल म्हणायचं, गोऱ्यांना ते पटतं. पण ते तोंडातून फुटेना. मागच्या रमजानमध्ये नायफला झटका आला तेव्हापासून त्याची वाचा गेली होती. तिकडची नर्स फोन त्याच्या कानाला लावायची, फिद्दा इकडून बोलायची आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. त्याच्याजवळ जाऊन बसायचं तर आधी इंग्रजी बोलून दाखवा, असं तिकडच्या सरकारचं म्हणणं. ज्याला कुठल्याच भाषेत बोलता येत नाही त्याच्या बायकोने इंग्रजी कोणाशी बोलायचं, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. सरकारं शहाणी असतात.

परीक्षकाने घड्याळ पाहिलं आणि बाजूचा पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

फिद्दाने पेल्याकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. शेवटी रक्त बोललंच म्हणायचं. तिने पेला उचलला, तोंडाला न लावता आपल्यासमोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मागणं घेऊन आलेला माणूस असंच करतो. यजमान ‘पी’ म्हणेपर्यंत घोट घ्यायचा नाही, आणि ‘पी’ म्हटलं की मागणं मान्य. त्या एका शब्दावर तिच्या घरात दोन सुना आल्या होत्या आणि चुलत्याच्या खुनाचं वैर मिटलं होतं.

“माझा नवरा आजारी,” ती म्हणाली. भाचीने हे शिकवलेलं नव्हतं. शब्द तिचे तिनेच जुळवले. “बोलत नाही. घरचं कोणी जवळ नाही. मी जाते. तू मदत.”

परीक्षकाने रेकॉर्डरकडे पाहिलं. “हो, हो,” तो घाईघाईने म्हणाला, “प्या तुम्ही.”

फिद्दाने पेला एका दमात रिकामा केला. अल्लाने तुला उदंड आयुष्य द्यावं, असं अरबीत म्हणून ती उठली. तो मागून बसा, बसा म्हणत होता. चांगला यजमान तसं म्हणणारच. पण शब्द मिळाल्यावर रेंगाळणं हे हावरटांचं काम, म्हणून ती वळून न बघता बाहेर आली.

भाऊ मुतलक पिकअप लावून बाहेरच्या बाकावर बसला होता.

“काय म्हणाला?”

“पी म्हणाला.”

“आपल्या तोंडाने?”

“आपल्या तोंडाने. मी प्यायले.”

मुतलकने आणखी काही विचारलं नाही. त्याने सरळ मफ्रकला घरी फोन लावला. तिकडे बायकांनी जिभा नाचवत आनंदाचा कल्लोळ सुरू केला, तो बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू आला. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने फिद्दाचं नाव पुकारलं. दोन प्रश्न राहिले असताना खोली सोडली, म्हणून परीक्षा रद्द. पुढची तारीख चार आठवड्यांनी.

फिद्दाकडून परीक्षकाचं आडनाव कळताच मुतलक तावातावाने उठला. करकला जाऊन त्याच्या थोरल्यांसमोर बसतो म्हणाला, असला शब्द फिरवणारा आमच्याकडे असता तर त्याला कोणी चुलीला विस्तवही दिला नसता म्हणाला. फिद्दाने त्याला फोन बंद करायला सांगितलं. मग ती काउंटरपाशी गेली आणि त्या मुलीने विचारण्याआधीच आपलं नाव, वय आणि पत्ता इंग्रजीत सांगून मोकळी झाली. तारीख लिहिलेली चिठ्ठी तिने बुरख्याच्या आतल्या खिशात ठेवली. त्या फिरवलेल्या शब्दावर थुंकायचंच होतं तर नंतरही थुंकता आलं असतं. नायफ तिकडे एकटा होता.

परीक्षक बाहेर आला होता. आता रेकॉर्डर नव्हता, म्हणून त्याला अरबी येत होतं, आणि तेही थेट करकच्या वळणाचं.

“मावशी, ते नुसतं पाणी होतं हो. मी आपलं सहज म्हणालो.”

फिद्दाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

“पाणी आहे हे मला दिसत होतं, बाळा,” ती म्हणाली. “समोर माणूस बसलाय असं समजले, तिथेच चुकले.”