एकच व्यक्ती

आईच्या घराचं दार आतून उघडेना, तेव्हा मृदुलाने बेंगळुरूला परतलेल्या धाकट्या भावाला फोन लावला. खाली विमानतळाची टॅक्सी उभी होती.

"ताई, दाराच्या पडद्यावर काय दिसतंय?"

"आईचं नाव. ‘एकटीने बाहेर जायचं नाही,’ असं लिहिलंय."

"तू फोनमधल्या अल्बममध्ये काही केलंस का? दार त्यावरूनच माणूस ओळखतं."

काल आईच्या तेराव्याला दाखवायला मृदुलाने त्यात फोटो लावले होते. आईचा तिशीतला चेहरा पुढे करून अल्बमने विचारलं होतं, ही आणि तुम्ही एकच व्यक्ती आहात का? तिला भरून आलं होतं. तिने ‘हो’ म्हटलं होतं.

"कमाल करतेस, ताई! जोडलेले चेहरे सुटे होत नाहीत. आता आईचा चेहराच पुसून टाक. परत मिळायचा नाही, पण दार तरी उघडेल."

मृदुलाचं बोट फोनच्या पडद्यावर थांबलं. तेवढ्यात दार बोलू लागलं. आईला काही आठवेनासं झालं, तेव्हा मृदुलानेच दारात भरून ठेवलेला स्वतःचा आवाज होता तो.

"आई, कुठे निघालीस गं? बस बघू जरा. मी येतेच संध्याकाळी."

मृदुलाने फोन ठेवला, चपला काढल्या आणि ती दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"बसले गं," ती म्हणाली. "लवकर ये."