वीतभर अंतर

चहाच्या सुट्टीत सगळी परिषद बाहेरच्या दालनात सांडली, आणि काकूंनी खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याभोवती आधी नजरेचं कुंपण घातलं. जगभरातली चुंबकांवर काम करणारी माणसं इथं गोळा झाली होती. काकूंच्या नवऱ्याचा, म्हणजे सरांचा, उभा जन्म याच कामात गेला, आणि आता त्यांच्याच गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढा पेसमेकर बसवला होता. डॉक्टर म्हणाले होते, "चुंबक छातीपासून वीतभर लांब ठेवा, बाकी खुशाल हिंडा." दैवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

तसं काकूंचं आणि चुंबकांचं वैर जुनंच. त्यांच्यापायी घरातली घड्याळं बंद पडली, गाण्यांच्या कॅसेटी पुसल्या गेल्या, बँकेची कार्डं मुकी झाली. "माझी सवत," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि हसायच्या. पण ही सवत जिवावर उठेल, असं कधी मनात आलं नव्हतं. म्हणून निघण्याआधीच त्यांनी परिषदेच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला होता. बाई सरांचीच पहिली विद्यार्थिनी, त्यांच्या घरी जेवलेली. "ह्यांच्याजवळ चुंबक दिसला तर गाठ माझ्याशी आहे," काकूंनी बजावलं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं आणि सकाळी व्यासपीठावरून सगळ्यांना सांगून टाकलं.

घोळ झाला तो छातीवरच्या नावाच्या पाट्यांचा. चुंबकवाल्यांच्या घरच्या कार्यात टाचण्या कशा चालतील, म्हणून हौसेनं चुंबकाच्या पाट्या करून घेतल्या होत्या. पाटी सदऱ्याच्या बाहेर, चुंबकाची पट्टी आत. सरांची तेवढी एक सेफ्टी पिनेनं लावलेली. त्यामुळे जो तो लगबगीनं सरांकडे येई, चार पावलांवर थबके, छातीवरची पाटी तळव्यानं झाकी, मान लववी आणि तसाच मागं सरके.

"अगं, मला काय गोवर झालाय का?" सर हळूच म्हणाले.

"बसा गुपचूप. जीव नको झालाय का?" काकू म्हणाल्या.

मग तो उंच म्हातारा आला. सर ज्याच्याशी सबंध आयुष्य मासिकांतून कडाकडा भांडले आणि ज्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तो हा. खरं तर याच्यासाठीच सर हट्टानं आले होते. "मरायच्या आधी एकदा समोरासमोर भांडू दे मला," असं त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं होतं. तोही चार पावलांवरच थांबला. पाटीवर हात ठेवून काहीतरी बोलला. गलक्यात काही कळलं नाही. सरांनी कानामागं हात धरला. तो पुन्हा बोलला, पुन्हा ऐकू आलं नाही. शेवटी तो ओशाळं हसला आणि वळून गर्दीत गेला.

"काय म्हणाला गं?"

"नाही ऐकू आलं मला."

"असू दे," सर म्हणाले, आणि हातातल्या कपाकडे बघत राहिले. त्यांची मान इतकी खाली गेलेली काकूंनी दवाखान्यातही पाहिली नव्हती. जीव सांभाळायच्या नादात आपण ह्यांची माणसंच तोडली, असं त्यांना वाटलं.

त्या उठल्या. पलीकडे सगळ्यांना चहाचं विचारत फिरणाऱ्या अध्यक्षीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं काकू? सरांना बरं वाटत नाहीये का?"

"मी चुंबक लांब ठेवायला सांगितलं होतं," काकू म्हणाल्या, "तुला नाही."

आणि त्यांनी बाईंच्या पदरावरची पाटी सरळ ओढून काढली. आतली पट्टी खाली घरंगळली, तीही उचलली. बाई तरातरा चालत गेल्या, सरांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. एवढी मोठी बाई, सगळ्यांदेखत.

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. जो तो सदऱ्याच्या गळ्यात हात घालून पट्ट्या शोधू लागला. मोठमोठे विद्वान, अंगात मुंगी शिरल्यासारखे वळवळत होते. काकूंनी ओंजळ पुढं केली. पाट्या पडत गेल्या तशा खटखट एकमेकींना चिकटल्या आणि त्यांचा एक ओबडधोबड गोळा झाला. कुणाचं नाव कुणाला डसलंय, काही कळायला मार्ग नव्हता. उंच म्हाताऱ्यानं आपली पाटी दिली, खुर्ची ओढली आणि सरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. थोड्याच वेळात दोघांचे हात हवेत नाचायला लागले. भांडण झकास जमलं होतं.

काकू तो गोळा घेऊन पार समोरच्या भिंतीपाशी गेल्या आणि एका बाकावर बसल्या. वीतभर पुरे होतं, पण त्यांचा धीर होईना. इथून नवऱ्याचं फक्त टक्कल दिसत होतं, आणि मधूनच त्यांचं हसणं ऐकू येत होतं. कित्येक महिन्यांनी ते हसणं ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात माणसांच्या मधून सरांनी मान उंच केली, इकडंतिकडं शोधलं आणि हाक मारली, "अगं, ये ना इकडे. तिथं एकटीच काय बसलीस?"

काकूंनी मांडीवरचा गोळा दोन्ही हातांनी उचलून दाखवला.

"एकटी कुठं?" त्या म्हणाल्या. "सवत आहे की सोबतीला."